दोराचं वरचं टोक माझ्या हातात होतं

तुळशीराम, तुझ्या तेरवीला मी आलो आणि न जेवता उठलो. तुझ्या वडिलांनी स्वतः हाताला धरून मला पंगतीत बसवलं होतं. पत्रावळीवर वरणभात पडला होता. तरी उठलो. पिंपळगावातल्या चार जणांनी नावं ठेवली असतील, ठेवू देत. त्यांना कारण माहीत नाही. तुला माहीत होतं, वहिनींना माहीत आहे, आणि हे छापून आलं की सगळ्या जिल्ह्याला माहीत होईल. त्यासाठीच लिहितो आहे.

तू कसा गेलास, किती वर्षांचा होतास, मागे कोण कोण आहे, ते सगळं इथेच आधीच्या एका अंकात येऊन गेलं. त्याच पानावर पुण्याहून आलेला एक शोकसंदेशही होता. 'एक कष्टाळू आणि मनमिळाऊ सहकारी हरपला.' खाली नाव कारखानीससाहेबांचं. मी तो चौकोन कात्रीने कापून खिशातल्या पाकिटात ठेवला आहे. दिवसातून एकदा काढून वाचतो. दुःख व्हावं म्हणून नाही. राग थंड पडू नये म्हणून.

तुला आपलं काम सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना ते कळलं पाहिजे. नाहीतर त्यांना वाटेल, पुण्याच्या ऑफिसातले दोन बाबू कसल्यातरी कागदावरून भांडले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने समुद्राच्या वाऱ्याशी काय घेणंदेणं ठेवावं, हा प्रश्न पहिल्यांदा तुझ्या वडिलांनीच विचारला होता. आठवतं? पहिल्या सुट्टीत तू मला घरी घेऊन आलास. पुंजाजीबाबा मिरचीच्या वाफ्यात पाणी फिरवत होते.

"समुद्रावरचा वारा मोजता?"

"हाव, बाबा."

"कायले? समुद्रात कोनाचं वावर हाय?"

"आपला पाऊस तिकडूनच येते ना. वारा ढकलते तवा येते."

"मंग तुमी मोजल्यानं लवकर येईन काय?"

"लवकर नाई येनार, बाबा. पन कसा येनार हाय ते आधी समजन."

बाबांनी फावडं थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मातर कामाचं हाय. सरकारनं पयल्यांदा काई कामाचं काढलं." आणि पुन्हा पाण्याकडे वळले. तू किती खूश झाला होतास त्या एका वाक्यावर. खामगावच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलास तेव्हासुद्धा ते एवढं बोलले नव्हते.

काम असं होतं. समुद्रावरचा वारा मोजणारा एक परदेशी उपग्रह आकाशात सोडला होता. तो वरून पाण्यावर रेडिओच्या लहरी सोडायचा. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात. सुरकुत्या जास्त तर लहर परत फिरते जास्त. त्यावरून वारा किती ते काढायचं. उपग्रह तीनेक महिने चालला आणि बंद पडला, पण तेवढ्यात त्याने मापांचा ढीग लावून ठेवला. आता किती सुरकुत्या म्हणजे किती वारा, हे त्याला कोण सांगणार? जहाजंच सांगणार. त्या दिवसांत जी जहाजं समुद्रात होती, त्यांच्या नोंदी काढायच्या आणि उपग्रहाच्या मापांशी जुळवून बघायच्या. कितीतरी देश एकत्र आले होते. प्रत्येकाने आपापल्या जहाजांच्या नोंदी द्यायच्या. आणि नियम एकच ठरला होता. डोलकाठीवर वाऱ्याचं यंत्र कुणाचं उंच असतं, कुणाचं बुटकं. जेवढं उंच, तेवढा वारा जोराचा. म्हणून सगळ्यांनी आपला वारा एका ठरलेल्या उंचीला आणून मगच पाठवायचा.

आपल्या देशाच्या जहाजांचं हे काम आपल्या ऑफिसकडे आलं. ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. ऑफिस म्हणजे भिंती आणि कपाटं; जे केलं ते माणसांनी केलं. साहेब होते कारखानीस. खाली आपण दोघं.

मी डोणगावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. महाराष्ट्र झाला तेव्हा शाळेत आम्हाला पेढा मिळाला होता, आणि गुरुजी म्हणाले होते, आता तुमचं राज्य आलं, शिका. मी शिकलो. पदवी घेऊन गावात आलो तर फाट्यापासून घरापर्यंत वाजंत्री लावली होती. याचा मला गर्व होता, आजही आहे, लपवत नाही. पण पुण्यात त्या गर्वाला पहिल्याच महिन्यात टाचणी लागली. मी तोंड उघडलं की टेबलावरची माणसं खाली बघून हसायची. मी 'मले' सोडलं, 'मला' म्हणायला शिकलो. 'काऊन'चं 'का' केलं. शेवटी शेवटी कामापुरतंच बोलायचो.

आणि तू? तू कॅन्टीनमध्ये उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "मले चहा पाह्यजे. अर्धा नाई, पुरा." कुणी हसलं की तूही हसायचास, त्याच्यापेक्षा मोठ्यानं. मग तो गप्प बसायचा. माझी बाजू घेऊन तू कधी भांडला नाहीस. नुसता आपल्या भाषेत बोलत राहिलास, आणि त्याच्या आडोशाला मी दोन वर्षं काढली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. काय सांगायचं, असं वाटायचं. आता वाटतं, सांगायला एक मिनिट लागलं असतं.

पहिल्या खेपेलाच आपल्या जहाजांचा वारा उपग्रहाशी जुळला नाही. आपला सारखा जास्त यायचा. फरक थोडा, पण दरवेळी एकाच बाजूला. परदेशी मंडळींनी एक पत्र पाठवलं: तुमच्या नोंदी तपासा, नाहीतर आम्ही त्या बाजूला ठेवतो. साहेबांनी पत्र टेबलावर आपटलं. म्हणाले, आपल्या खलाशांनाच नोंदी घेता येत नाहीत.

तू गठ्ठा पुढे ओढलास. दुपारभर फॉर्म चाळत बसलास. मग माझ्या टेबलाशी आलास.

"गजानन, हे उंची लिहिली हाय ना यंत्राची, हे कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"अबे, उंची इचारली का आधी कुठून ते इचारा लागते. आमच्या विहिरीचा दोर आमी पान्यापासून वरच्या चाकापर्यंत मोजतो. काठापासून मोजला तर मोट पान्यात पोचनच नाई. इथं कुठून मोजली?"

फॉर्म साहेबांनी स्वतः तयार केला होता. त्यात लिहिलं होतं, 'यंत्राची उंची'. एवढंच. कुठून, ते नव्हतं. आम्ही सगळे ती पाण्यापासूनची धरून चाललो होतो.

दुसऱ्या आठवड्यात आपण मुंबईला गोदीत गेलो. पहिल्याच जहाजावरच्या अधिकाऱ्याने तुला हातानेच उडवून लावलं. "ऊंचाई तो लिखके दी है ना आपको?"

"दी है साब. पर कहाँसे?"

"डेक से. और कहाँसे?"

तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. तो डेकपासून मोजत होता, आणि डेकच्या खाली पाण्यापर्यंत दोन माळे होते. ते दोन माळे आमच्या कागदात कुठेच नव्हते. आपलं यंत्र खरं होतं त्यापेक्षा कितीतरी बुटकं मांडलं होतं, म्हणून उंचीपोटी जेवढा वारा वजा करायचा तेवढा वजाच होत नव्हता, आणि आपला वारा जोराचा दिसत होता. खलाशांच्या नोंदी बरोबर होत्या. चूक साहेबांच्या फॉर्मात होती.

मग तू दोर काढलास. हात हात अंतरावर गाठी मारलेला, टोकाला लोखंडाचा गोळा. आपल्याकडे विहिरीत सोडतात तसाच. मला पोहता येत नाही, म्हणून वरचं टोक धरून मी डेकच्या कठड्याशी उभा राहायचो आणि तू खाली होडीत. गोळा पाण्याला टेकला की तू ओरडायचास, "धर! तिथंच धर! हालू नको बे, रेडा हाये का तू?" वरून खलाशी हसायचे. एक म्हातारा खलाशी तर रोज यायचा बघायला. म्हणाला, इतने साल में किसीने पानी को नहीं पूछा. जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे असतात, जहाज पाण्यात किती बुडलंय ते सांगणारे. तेही तू लिहून घ्यायचास, कारण भरलेलं जहाज खाली जातं आणि रिकामं वर येतं, आणि उंची त्यासोबत बदलते. त्या दिवसांत जहाज किती भरलं होतं ते त्याच्या रोजनाम्यातून काढायचास. उन्हाने आपली मानगूट सोलून निघाली. मला आयुष्यात इतकं चांगलं काम पुन्हा मिळालं नाही.

आता आपलं भांडण. ते अजून संपलेलं नाही, म्हणून इथे काढतो. परत आल्यावर तू ती नवी मापं वेगळ्या तक्त्यावर लिहायला पाहिजे होतीस. तू मूळ रजिस्टरात, जुन्या आकड्यांवर रेघ मारून, बाजूला नवे लिहिलेस. मी तुला थांबवलं होतं.

"अरे, मूळ नोंदीला हात लावत नाहीत."

"खोटं हाय ते. तसंच ठेवू?"

"ठेव. बाजूला कागद जोड."

"वाफ्यात तन दिसलं तर उपटतो मी. त्याच्या बाजूले कागद नाई जोडत."

बागाईतदाराचा पोरगा होतास. दिसली चूक की तिथल्या तिथे उपटायची, उद्यावर ठेवायची नाही, ही तुमच्या घरची रीत. ती रजिस्टरात चालत नाही. मी आजही म्हणतो, तू चुकलास. तुझी चूक एवढीच होती, पण साहेबांच्या हातात तिने कोयता दिला.

तू साहेबांना सगळं समजावून सांगायला गेलास तेव्हा मी मागे उभा होतो. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "इंगळे, ही तुमच्या गावची विहीर नाही. हा समुद्र आहे."

"पानी तं पानीच हाय ना, साहेब."

त्यांचा चेहरा त्या वाक्यावर बदलला. तुला कळलं नाही, मला कळलं. फॉर्म त्यांचा होता, हे त्यांना त्या क्षणी समजलं होतं. आणि समजल्यावर त्यांनी काय केलं? मोजमापाचे कच्चे कागद 'बघतो' म्हणून ठेवून घेतले. आठ दिवसांनी चौकशी लावली, की तुळशीराम इंगळे यांनी सरकारी नोंदींत मनाने आकडे बदलले.

मला केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. 'माझ्या उपस्थितीत कोणतेही प्रत्यक्ष मोजमाप झालेले नाही.' मी म्हटलं, साहेब, दोराचं टोक मी धरलं होतं. ते म्हणाले, मग तुम्हीही यात आहात. दोघं घरी जाल. तुमची इच्छा.

मी सही केली.

पोरं लहान होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला डोणगावच्या फाट्यावर रिकाम्या हाताने उतरायचं नव्हतं. ज्या रस्त्यावर माझ्यासाठी वाजंत्री लागली होती त्या रस्त्याने मान खाली घालून चालायचं नव्हतं. माझा गर्व वाचवायला मी तुझं नाव दिलं.

त्यांनी तुला काढलं नाही. काढलं असतं तर तू लढला असतास. टपालाच्या टेबलावर बसवलं. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि वहीत चढवायचं. वर्षभराने परदेशातून पत्र आलं, की उंची पाण्याच्या पातळीपासून धरण्याची श्री. कारखानीस यांनी पाठवलेली दुरुस्ती योग्य आहे, भारतीय जहाजांच्या नोंदी आम्ही परत घेत आहोत, आणि सर्व देशांसाठी जे संयुक्त मार्गदर्शक पुस्तक तयार होणार आहे त्यात ही पद्धत त्यांच्या नावाने छापू. ते पत्र तुझ्याच हातात आलं. तूच त्याच्यावर शिक्का मारलास. तूच ते वहीत चढवलंस. माझ्या टेबलावरून मला दिसत होतं. पत्र आत पाठवलंस, उठलास, हात धुतलेस आणि जागेवर येऊन राजीनामा लिहिलास.

याची शिक्षा काय असावी, तुळशीराम? मी खूप विचार केला आहे. मारामारीने होत नाही. शिव्यांनी होत नाही. त्या माणसाला मान लागतो, रोज, चहासारखा. तोच त्याच्या हातातून, लोकांसमोर, काढून घेतला पाहिजे.

मधल्या काळात आपण एकदाच भेटलो, खामगावच्या एसटी स्टँडवर. तुझ्याजवळ वांग्यांच्या दोन टोपल्या होत्या.

"कवा आला बे?"

"आजच. तुळशीराम, मला तुझ्याशी..."

"पोरं बरी हायेत?"

"हो. ऐक ना, त्या वेळी मी..."

"राहू दे ना बे. हे वांगे घे. औषध नाई मारलं यायले." आणि माझ्या पिशवीत तू मोजल्याशिवाय वांगी भरत सुटलास, पिशवीचे बंद तुटेपर्यंत. तू एक थोबाडीत दिली असतीस तर मी त्या रात्री झोपलो असतो. तू माफ करून टाकलंस, मला न विचारता. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलो आहे, आणि हे भांडणही अर्धंच राहिलं.

मग तार आली. मग तेरवी. पंगत बसायच्या आधी वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

"भाऊजी, एक इचारू? दोर तुमच्याच हातात व्हता ना?"

"हाव."

"मंग?"

एवढंच. 'मंग?' मी बाहेर आलो, पंगतीत बसवला गेलो, आणि पत्रावळीला हात न लावता उठलो.

पुण्याला परतलो आणि माझ्या हाताने एक कबुली लिहिली. मोजमाप झालं, मी हजर होतो, मी खोटी सही केली, कुणाच्या सांगण्यावरून केली. ती घेऊन केबिनमध्ये गेलो. त्या संयुक्त पुस्तकाचं शेवटचं मुद्रित नुकतंच आलं होतं, आणि ते मंजूर करायला सगळ्या देशांची जी बैठक भरणार होती तिचं तिकीट साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली होतं.

त्यांनी कबुली वाचली. "तुम्हाला वेड लागलंय का? यात तुम्ही स्वतःलाच खोटं ठरवलंय."

"होतोच मी खोटा."

"नोकरी जाईल तुमची."

"मी डोणगावले जाईन, साहेब. घर हाय, वावर हाय. तुमी कोठी जासान?"

इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा आपल्या बोलीत बोललो. ते दचकले. मग आवाज खाली आणला. "बसा. तुम्हाला पाहिजे काय?"

मी म्हटलं, पिंपळगाव राजाला या. त्याच्या बापासमोर आणि बायकोसमोर तोंडाने सांगा, की ही सूचना त्याची आणि मोजमाप त्याचं. तिथल्या तिथे हा कागद तुमच्या हातात देतो.

"आणि मग विषय संपला?"

"संपला."

ते आले. नागपूरचा दौरा काढून, खामगावहून टॅक्सी करून आले. तुझ्या अंगणात खाट टाकली होती. साहेब आलेत म्हटल्यावर पंधरा-वीस माणसं जमली. पुंजाजीबाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी रुमालाने घाम पुसला आणि सांगितलं, चाचरत, पण सांगितलं. इंगळे फार हुशार. ती कल्पना मुळात त्याचीच. दुर्दैवाने काही गैरसमज झाले.

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे लिहून देसान का?"

"लिहून कशाला? सगळ्यांसमोर सांगितलं ना."

"ह्यायचं काम लिहूनच गेलं व्हतं, साहेब. तोंडी नाई."

वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. माझ्या हातात ती कबुली होती, त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग खिशातून पेन काढलं. मी एक कोरा कागद पुढे केला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली. वहिनींनी कागद घेतला. चौथी शिकलेल्या आहेत, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचला. वाचून परत दिला.

"'श्री. इंगळे' काय लिहिलं? पन्नास इंगळे हायेत या गावात. पुरं नाव लिहा. बापाचं बी."

लिहिलं त्यांनी. काय करणार? मी कबुली त्यांना दिली, त्यांनी तिथेच तिचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. उठताना सवयीने म्हणाले, "बरं, येतो." दुखवट्याच्या घरून निघताना असं म्हणत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवलं नसेल. पुंजाजीबाबा खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "नोका येऊ."

टॅक्सी वळेपर्यंत मी थांबलो. मग वहिनींकडे हात केला. "तो कागद द्या."

"तुमी त्यायले शब्द देल्ला ना भाऊजी, संपलं म्हनून?"

"देल्ला."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "काय करता ते मले नोका सांगू," म्हणाल्या, आणि कागद माझ्या हातावर ठेवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खामगावला तहसिलात जाऊन मी पूर्ण प्रतिज्ञापत्र केलं. कारकुनाने वाचलं, चष्मा वर केला. "साहेब, हे तुमच्याच इरुद्ध हाय."

"हाव."

"लोकं दुसऱ्याच्या इरुद्ध करतात. सोताच्या इरुद्ध करनारा पयल्यांदाच पाहून राह्यलो. चुकून तं नाई ना?"

"नाई."

"मंग सही करा. स्पष्ट करा."

प्रतिज्ञापत्र, त्यासोबत साहेबांच्या हस्ताक्षरातल्या त्या दोन ओळी, आणि मी स्वतः केलेलं दोन्हीचं इंग्रजी भाषांतर, असं पाकीट त्या बैठकीच्या चिटणिसांना रजिस्टर विमान टपालाने गेलं. मी शब्द दिला होता आणि मोडला. याची मला लाज वाटत नाही. एकदा खोटं तुझ्याविरुद्ध केलं, एकदा तुझ्यासाठी. दोन्हीची शिक्षा मला होऊ दे. खात्यात चौकशी लागेल, माझी सही खोटी होती, ती शिक्षा खरी आहे. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, डोणगावची शाळा कशी आहे.

तुला हे आवडलं नसतं, ठाऊक आहे. म्हणाला असतास, राहू दे ना बे. नाही राहू देणार. तुझं माफ करणं तुझ्याजवळ ठेव. ते तुला शोभतं. माझ्याजवळ तेवढं मोठं काही नाही. माझ्याजवळ हा राग आहे आणि तो मी नीट वापरणार आहे.

हे छापून येईल तोवर साहेब तिथे पोचलेले असतील, आणि पाकीट त्यांच्या आधी. मला त्या खोलीत बसायला मिळायला पाहिजे होतं. लांब टेबल असेल, प्रत्येक देशाची पाटी असेल. आपल्या देशाच्या पानावर कुणाचं नाव छापायचं, हा विषय निघेल. अध्यक्ष माझा कागद उचलून नाव वाचायला लागतील. तुळशीराम पुंजाजी इंगळे. परदेशी जिभेवर ते बसणार नाही. अडखळतील, पुन्हा प्रयत्न करतील, पुन्हा अडखळतील. मग कागद खाली ठेवतील आणि आपल्या पाटीमागे बसलेल्या माणसाकडे बघतील, कारण त्या खोलीत मराठी येणारा माणूस तो एकच असेल.

त्याला उभं राहावं लागेल, तुळशीराम. आणि सगळ्यांना लिहून घेता येईल असं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून, तुझं पुरं नाव त्याला सांगावं लागेल.